‘पोरगी बिघडली’: एका शहाण्या मुलीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. मुलीला आणि तिच्या आईला विचारूनच हे लिहिलं आहे.)

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. अंबाजोगाईला मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. तिथल्या नोंदवहीत त्या दिवशी लिहिलंय, ‘आजी नातीला घेऊन आली.’ प्रत्यक्षात उलटं होतं. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नववीतल्या नातीने तिला दंडाला धरून जिना चढवला, तिच्या चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या, पदर सारखा केला, खुर्चीत बसवलं. मग स्वतः उभी राहूनच विचारलं, “मॅडम, फी आधी द्यायची का नंतर?”

पाठवलं होतं वर्गशिक्षकांनी. दिवाळीनंतर तिचं पोट दुखत होतं. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, तालुक्याला सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. “रातच्याला लई दुखायलंय म्हणती,” आजी म्हणाली. “नाय तर लेकरू लाखात एक हाय बाई. सगळं घर चालवितीय. एवढी शहाणी पोरगी गावात नाय.”

गाव धारूर घाटाच्या पायथ्याचं. जमीन दीड एकर, तीही मुरमाड. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परतते. त्या साली ते कर्नाटकातल्या कारखान्यावर होते. मागे घरी ही, पाचवीतला एक भाऊ, दुसरीतला एक भाऊ, आजी, दोन शेळ्या आणि धाकटा चुलता. चुलता तोडीला जात नाही. तो ‘साहेबांचं’ बघतो. म्हणजे नक्की काय बघतो, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होती, पण भाऊ तिथे जेवून घरी यायचे. आजीला एकटं कसं ठेवायचं, असं मुलीनेच ठरवलं होतं.

वय विचारलं तर आजीने तिच्या पद्धतीने मांडलं. ती स्वतः बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती, तेव्हा ‘धा-बारा वर्षांची’. थोरला मुलगा, म्हणजे मुलीचा बाप, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शाळेत घातलेला नव्हता. चुलता तेव्हा पाळण्यात. दुसरीतला नातू लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातला. आणि ही? “पोळ्याच्या नंतरची.” शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून. मराठवाड्यात माझ्या वयाच्या लोकांचा वाढदिवस विचारा, निम्मे १ जूनला जन्मलेले निघतील. गुरुजींनी पहिलीत बसवायला तारीख जुळवली, झालं. ती सवय अजून पुरती गेलेली नाही. सांगायचा मुद्दा, ज्याला आपण ‘खरं वय’ म्हणतो, त्याच्या आकड्यातसुद्धा थोडा गुरुजींचा हात असतो. तरी धरून चालू, चौदा पूर्ण.

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली. अर्ध्या तासात तिने घरातला दिवस सांगितला. पहाटे साडेचारला उठणं, पाणी, भाकरी, भावांची आवराआवर, शाळा, दळण, शेळ्या, आजीच्या बीपीच्या गोळ्या. ऐकून माझ्या तोंडून निघालं, “किती समजूतदार आहेस गं!” ती हसली नाही. मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. पुढच्या आठवड्यात आली नाही. नंतर कधीतरी तिनेच सांगितलं, “तुम्हीपण तेच म्हणले. मग पोटाचं कुणाला सांगायचं?”

वहीची मागची पानं

तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांनी पुन्हा पाठवली. या वेळी मी बोलणं कमी केलं आणि तिच्या दप्तरातली विज्ञानाची वही बघायला मागितली. पुढून पेशी आणि ऊती, मागून घराचा हिशेब. दुकान ३४०. दळण २५. आजीच्या गोळ्या ६०. बारक्याची चप्पल १२०. आणि दर तीन-चार ओळींनी एक नोंद, ‘काका २००’. पुढे कंसात, बारीक अक्षरात, ‘परत देणार’. एकोणीस ठिकाणी ‘परत देणार’ होतं. खोडलेलं एकही नव्हतं.

“मागितले का कधी परत?”

“त्यांना राग येतो.”

आईवडिलांचा फोन रात्री साडेआठ-नऊला यायचा. फडातून परत आल्यावर, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, मोबाइल चार्ज असला तर. मी तिला पंधरा दिवस पोटदुखीची वेळ लिहायला लावली. हिशेबाची सवय असल्याने तिने ती चोख लिहिली. फोन वेळेवर आला त्या रात्री दुखलेलं नव्हतं. उशीर झाला किंवा आलाच नाही, त्या रात्री दुखलं. एकदा फोन आला आणि तरी दुखलं. त्या दिवशी आई रडली होती. मुकादमाने, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, उचलीवरून (आगाऊ घेतलेल्या पैशांवरून) सगळ्या टोळीसमोर शिवी दिली होती. मुलीने आईची समजूत काढली, “हिशेब मी बघते, तू जेव,” म्हणाली, फोन ठेवला, भावांना झोपवलं आणि पहाटेपर्यंत पोट धरून बसली.

भीती वाटते, असं ती एकदाही म्हणाली नाही. “पोटात कालवतंय,” म्हणाली.

मोजपट्टी

मन कितीचं आणि माणूस कितीचा, हे आकड्यात पकडायची धडपड जुनी आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये मुलांच्या बुद्धीची चाचणी केली, १९०८ च्या सुधारित आवृत्तीत वयानुसार पातळ्या लावल्या. विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं. आपल्याकडे कामतांनी ती चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत म्हणून ती अजून दवाखान्यांत वापरतात. पण हे सगळं बुद्धीचं वय. गणित सुटतं का, शब्द आठवतात का. रोजच्या जगण्यातली कुवत बघायला एडगर डॉलची १९३५ ची व्हाइनलँड मोजपट्टी आहे. तिचं भारतीय रूप नागपूरला मॅलिन यांनी केलं. ८९ बाबी, पंधरा वर्षांपर्यंत.

ती पट्टी या मुलीला लावायची खरं तर गरज नव्हती. ती मुख्यतः बौद्धिक अक्षमता तपासताना लागते. मी लावली ती कुतूहलाने. घरची जबाबदारीची कामं, स्वतःची आणि दुसऱ्याची काळजी, खरेदी, एकटीने ये-जा, सगळीकडे पूर्ण गुण. अडली दोनच ठिकाणी. तिच्या वयाचे अवघड खेळ, आणि बरोबरीच्या मुलामुलींच्या गटात मिसळणं. शेवटचं कधी खेळलीस, या प्रश्नाला तिने बराच विचार करून सांगितलं, “सातवीत खो-खो. नंतर आजीला दिसंना झालं.”

बेरीज केली असती तर त्या पट्टीवरचं ‘सामाजिक वय’ जवळपास तिच्या खऱ्या वयाइतकं भरलं असतं. ती बेरीज मी अहवालात लिहिली नाही. तो आकडा कुणाच्या हातात पडला असता तर काय झालं असतं, ते पुढच्याच आठवड्यात कळलं.

घरात आईबापाची जागा भरून काढणाऱ्या मुलांबद्दल कुटुंबांवर उपचार करणाऱ्या साल्वादोर मिनुचिनने १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर काम करताना लिहिलं. पुढे त्याच क्षेत्रातल्या बोसोर्मेनी-नाज यांनी त्याला ‘पॅरेंटिफिकेशन’ हे नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘पालकत्व उलटणं’ म्हणते. इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण पुण्या-मुंबईचे वाचक पटकन हळहळतात. काम केल्याने मूल बिघडत नाही. आमच्याकडे लेकरं शेळ्या राखतात, भाकरी थापतात, धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येतात, आणि त्यातली बरीच ठणठणीत मोठी होतात. घोटाळा होतो तो वर कुणीच नसलं की. चुकलं तर कोण सावरणार, हे माहीत नसलं की. आणि काम संपायची तारीख नसली की. या मुलीच्या डोक्यावर घर होतं, घरावर उचल होती, आणि आईच्या रडण्याची जबाबदारीसुद्धा तिचीच होती. त्याबद्दल तिला मिळायचं काय? ‘शहाणी’ हा शब्द.

स्थळ

फेब्रुवारीत चुलता आला. बोलावलं नव्हतं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात दोन मोबाइल. माजलगावकडचं स्थळ आलं होतं. मुलगा चोवीस वर्षांचा, तोही तोडीला जाणारा. हे गणित माहीत नसलेल्यांसाठी सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल कोयत्यावर देतो. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. त्यामुळे पोराचं लग्न हा संसाराइतकाच रोजगाराचाही प्रश्न असतो, आणि हंगामाच्या तोंडावर लग्नांची घाई होते.

“मॅडम, तुम्ही तिला तपासलंय. तुम्हीच सांगा, तिच्यात काय कमी हाय? आताच संसार करतीय ती. आमच्यात पोरी लवकर शहाण्या होत्यात.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

तो हसला. “ती नाय म्हणतच नाय. म्हणून तर शहाणी म्हणतो.”

या माणसावर मला राग आला होता, कबूल करते. तीस-एकतीस वर्षांचा, पुतणीकडून दोनशे-दोनशे रुपये नेणारा, चहा वेळेवर नाही झाला तर जेवणावर बहिष्कार टाकणारा. ‘नाही’ ऐकलं की बिथरणं, चूक नेहमी दुसऱ्याची असणं, आज हवं ते आजच हवं असणं, ही पाच वर्षांच्या मुलाची लक्षणं याच्यात एकतीसाव्या वर्षी ठळक होती. पण शिक्षकांनी त्याच्याबद्दल वेगळंच सांगितलं. गावात कुणाला रात्री दोनला कळा सुरू झाल्या, साप चावला, की हाच मोटारसायकल काढतो, घाट चढून दवाखान्यात पोचवतो, सकाळपर्यंत थांबतो, पेट्रोलचे पैसेही मागत नाही. त्या वेळी तो घाबरत नाही, चिडत नाही. म्हणजे मोठेपण त्याच्यात आहे. ते घराच्या उंबऱ्यापाशी संपतं. माणूस सगळीकडून एकाच वयाचा नसतो, हे पुस्तकात कितीदा वाचलं होतं. त्याचा राग आलेला असताना ते मान्य करायला मला दोन दिवस लागले.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, “मला चालतंय.”

इथे माझ्या डोक्यात अकरा देशांतला तो अभ्यास होता, मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचा, २०१९ मध्ये आलेला. भारतही त्यात होता. दहा ते तीस वयाची पाच हजारांवर माणसं तपासली. शांतपणे बसून, माहिती समोर ठेवून विचार करायची कुवत सोळाच्या आसपास मोठ्यांइतकी होते. पण भावनेच्या तडाख्यात, कुणाच्या दडपणाखाली स्वतःला सावरायची कुवत अठराच्याही पुढे, विशीत जाऊन पिकते. थंड डोकं आणि तापलेलं डोकं यांची वयं वेगळी असतात. आईच्या रडण्याचा विषय निघाला की हिचं डोकं तापायचं, चेहऱ्यावर काही दिसत नसलं तरी. मग ठरवलं, हिच्याशी थंड डोक्याने बोलायचं, आणि ते ती वहीवर करते.

“लग्न झालं तर घराचं काय होईल, लिही.”

तिने लिहिलं, ‘खाणारं एक कमी. आईला पुढच्या वर्षी जावं लागणार नाही.’

“आता खर्च लिही.”

मांडव. जेवण, दोनशे माणूस. कपडे. भांडी. अंगठी, ‘मुलाकडचे म्हणाले तर’. तिने चुलतबहिणीच्या लग्नाचे आकडे आठवून टाकले. बेरीज केली, पुन्हा केली. मग पान उलटून आईवडिलांची चालू सालची उचल लिहिली आणि दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली. पेनाचं टोपण दातात धरलं होतं, ते कडकन तुटलं.

“म्हणजे आईला अजून दोन हंगाम जावं लागंल.”

मी काही बोलले नाही.

“मग कामून करायलेत?” ती म्हणाली. आवाज चढला होता. दीड महिन्यात पहिल्यांदा. आणि लगेच, “सॉरी मॅडम.”

पुढे काय केलं

अठराच्या आतलं लग्न ठरतंय हे कळल्यावर ‘आपल्या दोघींतच राहील’ हे वचन लागू राहत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस म्हणतो. ती मुलगी किती शहाणी आहे हे कायदा विचारत नाही, आणि विचारत नाही तेच बरं. विचारलं असतं तर या मुलीला त्याने पहिल्या परीक्षेत पास करून मांडवात उभं केलं असतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. शिक्षकांनी त्यांना कळवलं, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही नोंद केली. ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई घरी गेल्या. चुलता चार दिवस घरी जेवला नाही. बापाला फोन केला तर तो आधी ओरडला, मग बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. शेवटी म्हणाला, “पट्टा पडल्यावर बघू.” मुलाकडच्यांना थांबायचं नव्हतं. त्यांनी दुसरी मुलगी बघितली. ती किती वर्षांची होती ते मला माहीत नाही, आणि हे प्रकरण यशस्वी म्हणून सांगताना मी नेहमी तिथे अडखळते.

पोटदुखीवरचा खरा उपाय मात्र माझ्या खोलीत झाला नाही. तो सरकारी दवाखान्यात झाला. आजीचा मोतीबिंदू ‘पिकल्यावर बघू’ म्हणून तीन वर्षं राहिला होता. मार्चमध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, फुकट. नेलं कुणी? चुलत्याने. मोटारसायकलवर, मधे उशी ठेवून. तिथे तो दोन रात्री थांबला. मुलीला मी सोबत जाऊ दिलं नाही. तिने बराच हट्ट केला.

पट्टी निघाल्यावर आजीने घर पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, तर “चुलीमागं केवढं जाळं झालंय गं!” दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा तिने ताब्यात घेतला. मुलीला हे आवडलं नाही. दोघींचं डब्यावरून कडाक्याचं वाजलं. पुढच्या भेटीत मुलगी हिरमुसलेली होती. “आता माझं काय काम?” असं तिने अगदी मनापासून विचारलं. ओझं उतरलं की हायसं वाटेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. ज्याच्यावर कौतुक मिळत होतं तेच कुणी काढून घेतलं तर चौदा वर्षांच्या मुलीला आपण कोण हेच कळेनासं होतं. आठवडाभर पोट उलट जास्त दुखलं. मग हळूहळू कमी झालं. पुरतं थांबलेलं नाही.

‘काका २००’ ची नोंद एप्रिलपासून वहीत नाही. आजी म्हणाली, “माझ्याकडं माग म्हणलं. मागितले नायत.”

आईवडील एप्रिलच्या शेवटी आले. आईला मी एकदाच भेटले. करंगळीच्या खाली कोयत्याचा जुना वण, आवाज मुलीसारखाच हळू. मी तिला फक्त इतकं सांगितलं की फोनवर रडावंसं वाटलं तर सासूकडे रडा. तिने मान डोलावली आणि विचारलं, “तिला वाईट वाटतं का?” वाटतं, म्हटलं.

जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, आजी पुन्हा आली. या वेळी खरोखर आजीच नातीला घेऊन आली होती. नात मागे, पाय ओढत, ओढणी एका खांद्यावर. आजी दारातूनच सुरू झाली.

“बाई, पोरगी बिघडली. सांगितलेलं ऐकत नाय. भाकरी करायला सांगितली तर काठ करपवून ठिवती. मैत्रिणीकडं गेली की दिवे लागल्यावर येती. काल बारक्याला म्हणली, तुझं तू धू दप्तर. पहिली बरी व्हती.”

नात बाकावर बसून किल्लीने रंग खरवडत होती. तिला विचारलं, “खरं का?”

“सगळं मीच का करायचं?” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता खिडकीतून बस स्टँडकडे बघत राहिली.

फी आजीने दिली. कमरेच्या पिशवीतून, नोट डोळ्यासमोर धरून, नीट बघून. जाताना जिन्यावर आवाज आले. नातीला खालच्या गाड्यावरची कुल्फी हवी होती, वीस रुपयांची. आजी नको म्हणाली, घसा धरतो. नात दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली, तोंड फिरवलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. आजी पुढे निघून गेली. पोरगी मागे फुगून उभी. गाडीची वेळ झाली होती. मी वरून बघत होते. आजीने मागे वळून दोनदा हाक मारली, तरी ती हलली नाही.